फणसाच्या नक्षीचा जग

लीलारामच्या दुकानात शिरले तेव्हा आई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पाठ असली म्हणून काय झालं, त्या पाठीमागून मी सहा वर्षं भाजी मंडईत हिंडले होते. कोपरात अडकवलेली कापडी पिशवी, मानेवर घट्ट बसवलेला अंबाडा आणि खिडकीच्या उजेडात उंच धरलेला एक काचेचा ग्लास.

मी दारातच थबकले. आल्या पावली परत जावं, असंच मनात आलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “हा बघ गं. जुना की नवा?”

मान वळवली नव्हती. समोर विकायला ठेवलेलं आरशाचं कपाट होतं, त्यात मी दिसले असणार. ग्लास मात्र त्यांनी न बघताच मागे, माझ्या बाजूला धरला. मी पुढे होऊन तो घेतला, नेहमीसारखा बुडावरून अंगठा फिरवला आणि म्हटलं, “नवा आहे. बूड गुळगुळीत आहे.”

“मलाही तेच वाटलं,” त्या म्हणाल्या आणि दुसरा ग्लास उचलला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, इंदुमती दिघे. म्हणजे एके काळच्या सासूबाई. त्यांच्या मुलाशी, शिरीषशी, माझं लग्न मोडलं त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भांडणतंटा फारसा नव्हताच. शिरीष औषधांच्या कंपनीत होता. तिथल्याच रेवती नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं, आणि त्यानं ते मला जेवताना, आमटी वाढून घेता घेता सांगितलं. परस्परसंमतीनं सगळं झालं. मूलबाळ नव्हतं. मी नाशिकरोडला जेल रोडवर एक खोली घेतली, टेलिफोन एक्स्चेंजमधली माझी नोकरी होतीच. गंगापूर रोडच्या त्या घरातून निघाले तेव्हा आई देवघरात बसून होत्या. बाहेर आल्या नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं होतं, पण त्यांना तरी काय म्हणायचं?

आम्हा दोघींना जोडलं होतं ते या काचेनं. तेव्हा देवळाली कॅम्पात जुन्या सामानाची बरीच दुकानं होती. लष्करातल्या लोकांच्या बदल्या व्हायच्या, पारशांचे बंगले बंद व्हायचे, आणि त्यांचं सामान या दुकानांत येऊन पडायचं. आई तिथे नक्षीची काच शोधायच्या. रंगीत नाही, सोनेरी काठांची नाही. साधी पांढरी, पण अंगावर नक्षी उठलेली, हाताला लागणारी. मी लग्न होऊन आल्यावर मला बरोबर नेऊ लागल्या. सुरुवातीला मी पिशवी धरायला जायची. मग मलाही वेड लागलं.

त्या काचेची खरी नावं आम्हाला ठाऊक नव्हती. आम्हीच ठेवली होती. बारीक टिपक्यांची ती साबुदाणा. एकावर एक चढलेली ती खवले. उभ्या रेघांची ती पाऊस. आणि अंगभर टपोरे काटे असलेली ती फणस. फणसावर आईंचा विशेष जीव. त्या नक्षीचे सरबताचे ग्लास त्यांनी एकेक करून जमवले होते, पण त्यांच्या जोडीचा जग काही मिळत नव्हता.

“बूड बघायचं,” त्यांनी मला पहिल्याच वेळी शिकवलं होतं. “बुडाला ओरखडे हवेत. म्हणजे ती कुणाच्या तरी घरात वावरलीय, टेबलावर हजार वेळा ठेवली-उचललीय. नुसती मिरवलेली काच मला नको.”

तर त्या दिवशी लीलारामच्या दुकानात आम्ही तासभर काच बघत होतो. घटस्फोटाचा विषय नाही, शिरीषचा नाही, माझ्या खोलीचा नाही. निघताना त्या बसस्टॉपवर म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी त्याच्याकडे नागपूरवाल्या मेजरचं सामान यायचंय म्हणे.”

“हो का?” मी म्हटलं.

एवढंच. पण पुढच्या शनिवारी मी गेले, आणि त्याही आल्या होत्या. मग तो शनिवार ठरूनच गेला. हाफ डे संपवून मी ऑफिसातूनच जायची. त्या गंगापूर रोडवरून दोन बस बदलून यायच्या. घरी काय सांगून यायच्या ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. शिरीषचं दुसरं लग्न झालं तेही मला बाहेरूनच कळलं. त्या शनिवारी आईंच्या हातावर मेंदी होती, आणि त्या हातांनी त्या खवल्यांची एक बशी पुसत होत्या. मी मेंदीकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही बशीला चीर आहे का ते पाहू लागलो.

एकच अडचण होती. त्यांना हाक काय मारायची? आई म्हणायला जीभ रेटेना. बाई म्हणणं म्हणजे चपराक मारण्यासारखं. मग मी हाक न मारता बोलायला शिकले. “हे बघितलंत?” “तिकडे वर आहे बघा.” अशी वाक्यं जुळवायची सवय होते माणसाला.

लीलारामला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सिंधी, साठीचा, गळ्यात चष्मा लटकवलेला, आणि गप्पिष्ट. आम्ही दिसलो की आतल्या पोऱ्याला न सांगता स्वतः चहा मागवायचा. “माझ्या दुकानात सासू-सून एकत्र येते आणि हसत जाते, हे एकच जोडपं बघितलं,” असं इतर गिऱ्हाइकांना सांगायचा. आम्ही दोघीही त्याला दुरुस्त करत नव्हतो. आई तर त्या वेळी कानावरचे केस मागे सारायच्या आणि थोड्या हसायच्यासुद्धा.

असं दीडेक वर्ष चाललं असेल.

मग एका शनिवारी त्या आल्या त्या एकट्या नव्हत्या. बरोबर एक पंचविशी-तिशीतली मुलगी होती. पंजाबी ड्रेस, खांद्यावर पर्स, डोळे चौकस. कोण ते सांगायची गरज नव्हती. मी दुकानात आधीच येऊन बसले होते. आईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. नंतर कळलं, की रेवतीनं ऐन वेळी “मीही येते, कॅम्प बघितलाच नाही कधी” म्हटलं होतं, आणि त्यांना नाही म्हणायला कारण सुचलं नव्हतं.

मी उठून बाहेर पडले असते तर सगळं निभावलं असतं. पण तेवढ्यात लीलाराम आतून धावतच आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“माँजी, आली तुमची चीज! कर्नलसाहेबांच्या बंगल्यातून. काल एक गिऱ्हाईक मागत होता. मी बोललो, हात नाही लावायचा, सासू-सुनेची आहे ही.”

कागद उलगडला. फणसाचा जग. उंच, पोट फुगलेलं, मूठ जाड, आणि अंगभर ते टपोरे काटे. इतकी वर्षं उन्हात राहून काचेला किंचित जांभळी झाक आली होती. आईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. उजेडाला धरला. क्षणभर त्या सगळं विसरल्या असणार, कारण जगावरची नजर न काढता त्यांनी तो सवयीनं माझ्याकडे दिला. आणि मीही सवयीनं घेतला, बुडावरून अंगठा फिरवला. ओरखडेच ओरखडे.

“आई, या कोण?” रेवतीनं विचारलं.

दुकानात पंखा कुरकुरत होता. आई माझ्याकडे बघेनात.

“या होय? या वैद्यबाई,” त्या म्हणाल्या. “ओळखीच्या आहेत. इथेच भेट होते कधीमधी.” आणि मग माझ्याकडे वळून, “बघा ना, तुम्हाला आवडला असेल तर तुम्ही घ्या हो जग.”

वैद्य हे माझं माहेरचं आडनाव. घटस्फोटानंतर मीच ते परत लावायला घेतलं होतं, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. पण लग्न होऊन त्या घरात पाऊल ठेवल्यापासून त्यांनी मला कधी अगं-तुगंशिवाय हाक मारली नव्हती. रागावल्या तरी “सुलभे” म्हणायच्या. ते “तुम्ही घ्या हो” माझ्या कानात गरम तेलासारखं उतरलं.

 लीलाराम फडकं घेऊन एक आधीच स्वच्छ असलेला दिवा पुसू लागला.

“नको. तुमच्याच जोडीचा आहे तो,” मी म्हटलं, जग टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. बस येईपर्यंत थांबवेना म्हणून लाम रोडनं चालतच सुटले.

त्यानंतर मी देवळालीला गेले नाही. शनिवारी दुपारी घरी येऊन झोपायची. खोली मोठी नव्हती, पण माझी होती. हव्या त्या वेळी हवं ते खावं, रेडिओ लावावा, दिवे लवकर घालवावेत. झालं ते बरंच झालं, असं मी स्वतःला सांगत होते. जी नाती कागदावर संपलीत ती दुकानात किती दिवस चालवणार?

दोनेक महिन्यांनी एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. जिन्यावर पावलं वाजली, मध्येच थांबली, पुन्हा वाजली. दारात आई. धाप लागलेली, आणि छातीशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं.

“बस म्हणशील का?”

“बसा.”

खुर्ची एकच होती. तीवर त्या बसल्या. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी लुगडं सोडलं आणि जग माझ्या टेबलावर ठेवला.

“त्या दिवशी मी तुला अहो-जाहो केलं.”

“ऐकलं मी.”

“घरी जाऊन दोनदा चूळ भरली. तोंड कडू झालं होतं.”

 मी ओले हात पदराला पुसत उभी राहिले.

“भ्याले गं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, हिला कळलं तर ही शिरीषला सांगणार, शिरीष डोक्यात राख घालणार, आणि माझा शनिवार जाणार. तो वाचवायला खोटं बोलले. तर तू यायचीच थांबलीस. म्हणजे शनिवार गेला तो गेलाच, आणि वर खोटं पदरात पडलं.”

“त्यासाठी एवढे जिने चढायचं काय कारण होतं?”

“ते एकच कारण नाही.” त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंती, खिडकी, माझी कॉट, मोरी. “शिरीषची बदली झालीय. बडोद्याला. घर भाड्यानं देऊन सगळे जायचं म्हणतायत. मला नाही जायचं.”

“पण एकट्या कशा राहणार?”

“एकटी कशाला? तू त्या खिडकीखाली दुसरी एक कॉट मावते का बघ.”

 त्या अगदी शांतपणे, भाजीचा भाव विचारावा तशा विचारत होत्या.

“शिरीषला सांगितलंय मी. काच म्हणे एवढ्या लांब धड जायची नाही, इथेच कुणाला तरी देऊन टाक. म्हटलं, मग मलाही काचेबरोबरच देऊन टाक. माझी पेन्शन आहे, तुझ्यावर भार व्हायची नाही. स्वयंपाक करीन. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे.”

“आई,” मी म्हटलं. कसं म्हटलं गेलं ते कळलं नाही. “तुम्हाला मुलगा आहे, सून आहे. लोक काय म्हणतील?”

“लोकांचं मी बघते. तू तुझं सांग.”

खरं सांगते, तिथल्या तिथे हो म्हणावंसं मला वाटलं नाही. किती कष्टानं मी तो एकटेपणा अंगवळणी पाडला होता. आता त्यात पहाटेची स्तोत्रं, भाजीत मीठ किती, दिवा किती वाजता घालवायचा हे सगळं परत येणार. मी म्हटलं, “मला विचार करू द्या.”

“कर की,” त्या म्हणाल्या. दुखावल्या नाहीत. “खाली रेवती थांबलीय. तिच्याच स्कूटरवरून आले. तिला वर बोलाव, उन्हात उभी आहे बिचारी.”

रेवती वर आली, दाराशी चप्पल काढून उभी राहिली, आणि खुर्ची नाही हे पाहून सरळ खाली सतरंजीवर बसली. मी चहा टाकला.  मी कप पुढे ठेवले तेव्हा तीच म्हणाली,

“त्या दिवशी दुकानातच ओळखलं मी तुम्हाला.”

“फोटो पाहिला होता?”

“नाही, फोटो कुठे ठेवलेत कुणी? आई मला काचेच्या कपाटाला हात लावू देत नाहीत. ‘राहू दे, मी पुसते’ म्हणतात. आणि तुमच्याकडे तो जग त्यांनी न बघता दिला. इतक्या वर्षांनी सापडलेली वस्तू कुणी परक्याच्या हातात अशी देतं का? तेव्हाच कळलं.”

“मग या कोण म्हणून विचारलंस कशाला?” आई म्हणाल्या.

“तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं.” रेवतीनं चहाचा कप उचलला. “ऐकलं, आणि मला तुमची फार दया आली. म्हणून घरी काही बोलले नाही.”

आईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली, की बहुधा त्या दिवशी त्यांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. जाताना जिन्यात रेवती मला हळूच म्हणाली, “त्यांना घालवायला मी आले नाही हं. मला त्या बडोद्याला हव्या आहेत. पण तिथे त्या झुरतील. तुम्हाला जमणार नसेल तर तसंही स्पष्ट सांगा. मी त्यांना समजावीन.”

आठवडाभर मी विचार केला. शनिवारी हाफ डे संपला तेव्हा पाय आपसूक देवळालीच्या बसकडे वळले. लीलारामनं एकटीला बघितलं, पण काही विचारलं नाही. टेबलावर साबुदाण्याची एक वाटी होती. मी ती उचलून उजेडाला धरली. जुनी वाटत होती. जुनीच असावी. विचारायला मात्र मागे कुणी नव्हतं. वाटी घेऊन मी बराच वेळ तशीच उभी राहिले. शेवटी लीलारामच जवळ आला.

“पसंत नाही?”

“वाटी राहू दे,” मी म्हटलं. “काचेच्या दारांचं कपाट आहे का तुमच्याकडे? अरुंद हवं. खोलीत दुसरी कॉटही यायचीय.”

पुढचं थोडक्यात सांगायचं तर आई माझ्याकडे शेवटपर्यंत राहिल्या. आम्ही भांडलो, पहाटेच्या स्तोत्रांवरून तर पुष्कळच. एकमेकींशी दोन-दोन दिवस बोललो नाही असंही झालं. दिवाळीला रेवती मुलांना घेऊन यायची आणि त्याच खोलीत सगळी दाटीवाटीनं झोपायची. पण मला सारखा आठवतो तो आईंना आणायचा दिवस.

कॉट घेऊन शिरीष स्वतः आला होता. टेम्पोवाल्याच्या बरोबरीनं त्यानं ती जिन्यातून वर चढवली. आई आणि रेवती खाली टेम्पोत काचेची खोकी धरून बसल्या होत्या; दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नव्हत्या. कॉट खिडकीखाली लागली. टेम्पोवाला खाली गेला. शिरीष कपाळ पुसत कॉटवरच बसला. घटस्फोटानंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच एका खोलीत होतो. तो जाडावला होता.

“मी तिला म्हटलं, असं कुठे असतं का?” तो म्हणाला. “घटस्फोट झालेल्या बायकोकडे कुणी आईला ठेवतं? मला लोक काय म्हणतील? तर म्हणते, घटस्फोट तुमचा दोघांचा झाला. माझी सही घेतली होतीत का?”

मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, पण त्यानं ते दाबलं.

“तिला संध्याकाळी गुडघ्याला तेल लावावं लागतं,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“सकाळचा चहा बशीतून पिते. घाई केलेली चालत नाही.”

“शिरीष, मी राहिलेय त्यांच्याबरोबर.”

“हो, ते आहेच.” तो उठला. दारापर्यंत गेला, चौकटीला हात लावून उभा राहिला. खालून आईंचा आवाज येत होता, कुणाला तरी खोकं आडवं धरू नका म्हणून ओरडत होत्या. शिरीष वळला आणि म्हणाला, “तुला त्रास नाही ना होणार?”

आमच्या लग्नाच्या सगळ्या वर्षांत हा प्रश्न त्यानं मला कधी विचारला नव्हता.

“होईल,” मी म्हटलं. “झाला की कळवीन.” आणि खोकी वर घ्यायला त्याच्या पुढे जिना उतरू लागले.